ऐकायला शिकलेली शेजारीण

बाळंतीण दवाखान्यातून घरी येते ती साधारण तिसऱ्या दिवशी. सिझेरियन झालं असेल तर आणखी दोन-तीन दिवसांनी. नेमक्या त्याच सुमारास पान्हा भरून येतो. छाती जड होऊन ठणकायला लागते, स्तनाग्रांना चिरा पडलेल्या असतात आणि बाळ रात्रभर किरकिरत असतं. दवाखान्यात हाकेच्या अंतरावर असलेली नर्स आता जवळ नसते. घरात मात्र सल्ले भरपूर असतात. कुणी म्हणतं, हिच्या अंगावर दूधच नाही. कुणी म्हणतं, पोट भरत नाहीये लेकराचं, वरचं सुरू करा. डब्यातली पावडर अनेक घरांत पहिल्यांदा येते ती याच दोन-तीन रात्रींत, आणि मग जाता जात नाही. त्या रात्रींत बाळंतिणीजवळ कोण असावं, तिला काय काय यायला हवं आणि ते तिला कसं शिकवता येतं, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी आपल्या देशाचं चित्र पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरीही जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळतं ते जेमतेम ४२ टक्के बाळांना. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असतात ६४ टक्के. म्हणजे दवाखाने वाढले, बाळंतपण सुरक्षित झालं, पण पाजण्याची मदत त्या वेगाने वाढली नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला होता. स्तनपान जवळजवळ सर्वत्र नीट झालं, तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात. इतका मोठा फायदा देणारा आणि इतका स्वस्त दुसरा उपाय शोधून सापडणार नाही. तो आईच्या एकटीच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होतो, हीच खरी अडचण आहे.

सात मैत्रिणींनी केलेली सुरुवात

१९५६ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका सहलीत मेरी व्हाइट आणि मॅरियन टॉम्पसन या दोघी झाडाखाली बसून आपापल्या बाळांना पाजत होत्या. त्या काळात अमेरिकेत बाटलीचं दूध हीच रीत होऊन बसली होती. साधारण पाचातली एखादीच आई बाळाला अंगावर पाजायची. त्यामुळे आजूबाजूच्या बायका येऊन विचारू लागल्या, की तुम्हाला हे जमलं कसं? आम्हाला तर पाजायचं होतं, पण दूध टिकलं नाही. दोघींनी आणखी पाच मैत्रिणी जमवल्या आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रँकलिन पार्क गावात मेरी व्हाइट यांच्या घरी पहिली बैठक भरवली. ‘ला लेचे लीग’ ही संस्था तिथून उभी राहिली आणि पुढे देशोदेशी पसरली. ऑस्ट्रेलियात १९६४ मध्ये मेरी पेटन यांनी, तर नॉर्वेत १९६८ मध्ये एलिसाबेत हेलसिंग यांनी अशाच मातांच्या संघटना सुरू केल्या. आज नॉर्वेत जन्मलेल्या जवळजवळ प्रत्येक बाळाला सुरुवातीला आईचंच दूध मिळतं. या बदलात मातांच्या संघटनेचा वाटा मोठा मानला जातो.

या सगळ्या संस्थांचं सूत्र एकच होतं : आईला मदत करावी ती दुसऱ्या आईने. पण एक गोष्ट त्यांच्या लवकरच लक्षात आली. नुसता अनुभव पुरत नाही. जिला स्वतःला पाजताना काहीच त्रास झाला नाही, ती सहज म्हणून जाते, ‘मला तर बाई काही झालं नाही.’ ऐकणारीला वाटतं, दोष माझाच. जिला खूप त्रास झाला, ती आपली सगळी कहाणी सांगत बसते आणि समोरचीचं राहूनच जातं. म्हणून ला लेचे लीगने नियम केला. जिने स्वतःच्या बाळाला पाजलं आहे तिलाच पुढे मार्गदर्शक होता येईल, पण आधी तिला अभ्यास करावा लागेल आणि अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकावं लागेल. आज जगभर दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणाचा पाया हाच आहे.

ढाक्यातल्या चाळीस तासांचं फळ

शेजारच्या बांगलादेशातला एक प्रयोग या विषयातला मैलाचा दगड ठरला. डॉ. रुखसाना हैदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढाका शहरातल्या वस्त्यांमधल्या साध्या बायका निवडल्या. त्या बाया त्याच वस्तीत राहणाऱ्या होत्या, स्वतः मुलांना पाजलेल्या होत्या आणि त्यांचं जुजबी शिक्षण झालेलं होतं. त्यांना रोज चार तास याप्रमाणे दहा दिवस शिकवलं. मग प्रत्येकीने आपल्या भागातल्या गरोदर बाईच्या घरी जायला सुरुवात केली. दोन भेटी बाळंतपणाआधी, एक जन्मानंतर ४८ तासांच्या आत, एक पाचव्या दिवशी, एक दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान आणि पुढे दर पंधरवड्याला, बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत. एकूण १५ भेटी.

निकाल २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या मातांकडे या बाया जात होत्या, त्यांच्यातल्या ७० टक्के माता पाचव्या महिन्यात बाळाला फक्त स्वतःचं दूध देत होत्या. जिथे कुणी गेलं नाही, तिथे हे प्रमाण होतं ६ टक्के. शहर तेच, गरिबी तीच, दवाखानेही तेच. फरक होता तो वेळेवर दार ठोठावणाऱ्या एका शेजारणीचा. मेक्सिकोत १९९९ मध्ये आणि हरियाणात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतही निष्कर्ष याच दिशेने निघाले. आकडे कमीजास्त होते, दिशा एकच.

काय शिकवतात?

ढाक्यातलं प्रशिक्षण ज्यावरून बेतलं होतं, तो जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा ४० तासांचा अभ्यासक्रम १९९३ मध्ये तयार झाला. नवख्या माणसाला वाटतं, यात स्तनाची रचना, संप्रेरकं, दुधातले घटक असंच सगळं असणार. ते असतंच. पण अभ्यासक्रमाचा कणा आहे बोलण्या-ऐकण्याची बारा कौशल्यं. सहा ऐकण्याची आणि सहा आईचा आत्मविश्वास वाढवण्याची. आईच्या बरोबरीने खाली बसणं, मोकळे प्रश्न विचारणं, तिचंच म्हणणं तिला पुन्हा सांगून दाखवणं, दोष देणारे शब्द टाळणं. आणि मग तिचं काय बरोबर चाललं आहे ते आधी सांगणं, प्रत्यक्ष मदत करणं, थोडकी आणि कामाचीच माहिती देणं, हुकूम न सोडता एखाद-दोन गोष्टी सुचवणं.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्ष वर्गात काय होतं ते पाहा. शिकायला आलेल्या दोघी समोरासमोर सतरंजीवर बसतात. एक आई होते, तिच्या हातात कापडी बाहुली. दुसरी होते भेटीला आलेली ताई.

“ताई, दूध पुरत नाही हो मला. सारखं रडतं बाळ.”

“कोण म्हणालं? चांगलं भरपूर दूध आहे तुला. काही काळजी करू नकोस.”

प्रशिक्षिका इथे थांबवते आणि ‘आई’ला विचारते, “आता तुला पुढे काय सांगावंसं वाटतंय?” ती म्हणते, “काहीच नाही.” धीर देण्याच्या घाईत संवादच संपला, हे वर्गाला तिथल्या तिथे कळतं. मग तोच प्रसंग पुन्हा.

“ताई, दूध पुरत नाही हो मला.”

“दूध पुरत नाहीये असं वाटतंय तुला.”

“हो ना. काल रात्री तर दर तासाला उठलं. सासूबाई म्हणाल्या, आमच्या वेळी असं नव्हतं. मला तर आता भीतीच वाटते संध्याकाळ झाली की.”

एका वाक्याच्या फरकाने खरं दुखणं बाहेर आलं. तिची झोप झालेली नाही, घरातल्या एका वाक्याने ती खचली आहे आणि तिला रात्रीची धास्ती आहे. ही गोष्ट व्याख्यान ऐकून अंगी बाणत नाही. ती करून पाहावी लागते, चुकावं लागतं आणि पुन्हा करावी लागते. म्हणूनच चाळीस तास.

प्रश्न कसा विचारायचा, यावरही असाच सराव घेतात. ‘व्यवस्थित पाजतेस ना?’ या प्रश्नाला कोणतीही आई ‘हो’च म्हणणार. त्याऐवजी ‘काल दिवसभरात बाळ कसं कसं प्यायलं, सांग बरं’ असं विचारलं, की ती सकाळपासून सांगू लागते. आणि त्या सांगण्यात दुपारी दिलेलं वाटीभर पाणीही येतं, संध्याकाळची बाळगुटीही येते.

दूध कसं येतं, हे आईला कळलं पाहिजे

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार जगभर सगळ्यात जास्त ऐकू येते. म्हणून स्वयंसेविकेला दुधाचं गणित पक्कं यावं लागतं. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करतं आणि ते रात्री अधिक प्रमाणात सुटतं. म्हणून रात्रीचं पाजणं दूध टिकवायला फार उपयोगी. ऑक्सिटोसिन तयार दूध बाहेर ढकलतं. वेदना आणि काळजी त्याला अडवतात, बाळाचा स्पर्श आणि आवाज त्याला चालना देतात. स्तन भरलेलेच राहिले, तर दूध बनण्याचा वेग आपोआप मंदावतो. म्हणजे भीतीपोटी एक बाटली दिली, की बाळ तेवढं कमी ओढतं. कमी ओढलं की दूध कमी बनतं. आधी नुसती असलेली भीती चार-आठ दिवसांत खरी होते. हे चक्र आईला साध्या शब्दांत समजलं, तर अर्धी लढाई जिंकली.

दूध पुरतंय की नाही, याच्या खुणाही मोजता येतात. पहिल्या पाच-सहा दिवसांनंतर निव्वळ आईच्या दुधावरचं बाळ दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू करतं. जन्मानंतर थोडं उतरलेलं वजन साधारण दोन आठवड्यांत भरून येतं आणि पुढचे महिने ते दरमहा किमान अर्धा किलोने वाढतं. पहिल्या दिवसांतला चीक चमचा-चमचाच येतो, कारण नवजात बाळाच्या पोटात एका वेळी तेवढाच मावतो. आणि दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे विदर्भातल्या मे महिन्यातही सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरून पाणी लागत नाही.

दुसरी शिकण्याची गोष्ट म्हणजे बाळाची पकड. चिरा आणि वेदना यांचं कारण बहुतेक वेळा एकच असतं : बाळाने नुसतं स्तनाग्र तोंडात धरलेलं असतं. वर्गात कापडाचा शिवलेला स्तन आणि बाहुली घेऊन हे दाखवतात. बाळाचं डोकं आणि अंग एका रेषेत, तोंड स्तनाकडे, पोट आईच्या पोटाला लागलेलं, सगळ्या अंगाला आधार. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसणारा. एवढ्या खुणा डोळ्यांत बसल्या, की दारातूनच पकड बरोबर आहे का चूक ते ओळखू येतं. मात्र तरीही स्वयंसेविकेने आपले हात शक्यतो मागेच ठेवायचे. ती बाहुलीवर दाखवते आणि बाळाला आई स्वतः धरते. दुसऱ्याने बाळ लावून दिलं, तर मदत करणारी गेल्यावर आई पुन्हा तिथेच अडकते. आईच्या हाताला जमलं, तर ते तिचं झालं.

आजीला बरोबर घेणं

आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत निर्णय एकटी आई घेत नाही. तिथे सासूबाई असतात, आई असते, मालिश करणाऱ्या मावशी असतात. त्यांना वगळून दिलेला सल्ला दार लागताच पुसला जातो. प्रशिक्षणात म्हणूनच घरातल्या रीतीभातींची तीन गटांत वाटणी करायला शिकवतात : उपयोगी, निरुपद्रवी आणि घातक. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देणं आणि तिला चांगलंचुंगलं खाऊ घालणं उपयोगी, तिचं मनापासून कौतुक करावं. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी यांना विरोध करायचं कारणच नाही. पहिला चीक पिळून टाकणं, बाळाला मध चाटवणं, गुटी आणि पाणी देणं मात्र घातक. मधातून बाळाला बोट्युलिझम हा दुर्मिळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. गुटीच्या सहाणेवरून आणि पाण्यातून जुलाब येतात.

शिकलेली स्वयंसेविका घरात गेल्यावर आधी आजींशी बोलते. “आजी, तुमच्या हातची खीर खाते म्हणून हिची तब्येत कशी सुधारलीये बघा. आता एवढंच करू या, सहा महिने बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ द्यायचं नाही. तुम्ही लक्ष ठेवलंत तर कुणाची हिंमत नाही होणार.” ज्या आजीला विरोधक समजलं जात होतं, ती पहारेकरी होते. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणात याहून महत्त्वाचा धडा नाही.

वेळ हुकली, तर ज्ञान वाया जातं

या क्षेत्रातल्या यशाइतकंच अपयशही शिकण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये ७२० गरोदर महिलांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वयंसेविका चांगल्या प्रशिक्षित होत्या. बाळंतपणाआधी त्या एकदा भेटत आणि ‘गरज पडली तर बोलवा’ असं सांगत. मातांना त्या आवडल्या, पण स्तनपानाच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. संशोधकांनी सांगितलेलं एक संभाव्य कारण असं : काही मातांनी मदत मागितलीच नाही.

याउलट टोरांटोजवळचा प्रयोग पाहा. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या स्वयंसेविकांना फक्त अडीच तासांची तोंडओळख दिली होती. पण माता घरी गेल्यावर ४८ तासांच्या आत त्या स्वतः फोन करत. तीन महिन्यांनी त्यांच्या गटातल्या ८१ टक्के माता पाजत होत्या, दुसऱ्या गटातल्या ६७ टक्के. थकलेली, रडवेली बाळंतीण फोन उचलून मदत मागत नाही. मदतीनेच तिच्यापर्यंत जायला हवं, आणि ठरलेल्या दिवशी. वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेने २०१७ मध्ये ७० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही प्रत्यक्ष आणि आधी ठरवलेल्या भेटी परिणामकारक ठरतात असंच दिसलं.

महाराष्ट्रात या वेळेच्या हिशोबात आणखी एक गोष्ट येते. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या गावातल्या ताईने आठव्या महिन्यापर्यंत जीव लावून तयारी करून घेतली, तरी ऐन गरजेच्या दिवसांत ती बाळंतीण पन्नास कोस लांब असते. म्हणून आपल्याकडच्या प्रशिक्षणात एक गोष्ट हवीच : माहेरच्या गावाचं नाव लिहून घेणं, तिथल्या आशाताईला कळवणं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी फोन करणं.

मर्यादा आणि पथ्यं

स्वयंसेविका डॉक्टर नाही, हे तिला पहिल्या दिवशी सांगितलं जातं. बाळ ओढत नसेल, सुस्त पडून असेल, शू कमी होत असेल, अंग पिवळं दिसत असेल, वजन भरून येत नसेल, आईला ताप येऊन स्तनात लाल, दुखरी गाठ झाली असेल, किंवा दोन आठवडे उलटूनही तिची उदासी हटत नसेल, तर स्वयंसेविकेने एकच करायचं : दवाखान्यात पाठवायचं. औषध सुचवायचं नाही. घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. आणि ज्या आईला काही कारणाने वरचं दूध द्यावंच लागतं, तिला अपराधी वाटेल असा शब्द उच्चारायचा नाही. तिला वाटी-चमचा कसा वापरायचा ते शिकवायचं.

आणखी एक पथ्य प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने पाळायचं. बेबी फूड कंपनीचा पैसा, बॅनर, भेटवस्तू यांना प्रशिक्षणाच्या दारातही उभं करायचं नाही. बाटल्या आणि शिशुआहार यांच्या जाहिरातीला आळा घालणारा कायदा आपल्याकडे १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. या लढ्यात पुढे असलेली ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था डिसेंबर १९९१ मध्ये आपल्या वर्ध्यात स्थापन झाली. आज ती देशभर समुपदेशनाची प्रशिक्षणं घेते.

आपल्याजवळ काय आहे, काय हवं आहे

गावातल्या साध्या बाईवर विश्वास टाकण्याचा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. नवजात बाळाला ऊब देणं, आईला पाजायला मदत करणं, आजार वेळीच ओळखणं हे सगळं त्या घरी जाऊन करत. तीन वर्षांत तिथला नवजात मृत्युदर शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं. त्यातूनच २०११ पासून देशभर आशाताईंच्या घरभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, असा तो क्रम आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘माँ’ कार्यक्रमातून स्तनपानाच्या प्रशिक्षणाची त्यात भर घातली.

पण आशाताईच्या डोक्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंत पन्नास कामं आहेत. शहरातल्या मोठ्या गृहसंकुलांत तर ती पोहोचतही नाही. तिथली नोकरदार बाळंतीण रात्री दोन वाजता मोबाइलवर उत्तरं शोधत बसते. तिच्याच मजल्यावर, दोन वर्षांपूर्वी हेच सगळं निभावलेली एखादी बाई झोपलेली असते. दोघींची गाठ घालून देणारं मात्र कुणी नसतं.

ही गाठ घालणं आपल्या हातात आहे. गावातला बचत गट, शहरातलं महिला मंडळ, सोसायटीची समिती, यांपैकी कुणीही सुरुवात करू शकतं. ज्यांनी स्वतः पाजलं आहे आणि ज्यांना ऐकून घेता येतं, अशा आठ-दहा जणी निवडा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी किंवा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेशी बोलून त्यांचे चाळीस तास पूर्ण करा. त्यांच्यावर एका अनुभवी नर्सची देखरेख ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यांना अडलेल्या गोष्टी बोलायला जागा द्या. त्यांच्या येण्या-जाण्याचा आणि फोनचा खर्च द्या. सेवेच्या नावाखाली बायकांचा वेळ फुकट धरू नका. आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा : कोण कधी बाळंत होणार आणि कुणी कोणत्या दिवशी तिच्याकडे जायचं. तुमच्या आळीत पुढच्या महिन्यात कोण बाळंत होणार आहे, हे तुम्हाला आजही ठाऊक असेल. वहीतलं पहिलं नाव तिचंच लिहा.